कट्टा, कोंडवाडा आणि कोरम : धारवाडी क्षुल्लकशास्त्राची प्रस्तावना

धारवाडात कुठेही दगड भिरकावला तर तो कवीच्या अंगणात पडतो, असे म्हणतात. पुरावा हवाच असेल तर १९७३ हे एकच साल पुरे. त्या सालच्या ज्ञानपीठाचे एक मानकरी साधनकेरीचे द. रा. बेंद्रे, आणि त्याच सालचा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘काजळमाया’साठी जी. ए. कुलकर्णी यांना, जे इथल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. पण हाच दगड जरा जोर लावून भिरकावला आणि तो शहराची वेस ओलांडून नरेंद्र, गरग, मुगद असल्या एखाद्या गावाच्या अंगाला पडला, तर पुढे काय होते याचा अभ्यास विद्वानांनी केलेला नाही. तिथे प्रश्न उठतात ते असे : पडला ती जागा गावठाणातली की सर्व्हे नंबरातली? उचलायचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा? उचलून ठेवायचा कुठे? आणि मागच्या कमिटीच्या काळात पडलेला दगड अजून तिथेच असताना ह्याच दगडाची एवढी घाई कोणाला, आणि का?

हा शेवटचा प्रश्न ज्याच्या मनात आपोआप उठतो, त्याला क्षुल्लकशास्त्राची दीक्षा मिळालेलीच आहे. बाकीच्यांसाठी हा निबंध.

विषयाची मर्यादा आधी सांगून टाकतो. धारवाड तालुक्यातल्या ग्रामपंचायतीचा नित्य व्यवहार एवढेच आपले क्षेत्र. महापालिका वगळली आहे. वीस-बावीस किलोमीटर अंतरावरची दोन शहरे १९६२ साली एका महापालिकेत बांधली गेली, वॉर्ड वाढत वाढत ८२ झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने धारवाडला वेगळी महापालिका द्यायला मान्यता दिली. हा इतिहास रंजक आहे, पण मोठा आहे, आणि मोठे विषय आमच्या शास्त्रात बसत नाहीत. एवढीच नोंद करतो की उणकल, अमरगोळ, सत्तूर, नवलूर ही गावे आज महापालिकेच्या हद्दीत आहेत. त्यांच्या गटारी होत्या तिथेच आहेत, नवलूरच्या पेरूंची गोडीही तीच आहे. गेला तो फक्त गटारीवरून समोरासमोर भांडण्याचा हक्क. तिथला माणूस आता गटारीबद्दल अर्ज करतो. अर्ज करणे आणि भांडणे यांत जो फरक आहे, त्या फरकावर पुढची सगळी इमारत उभी आहे.

पूर्वपक्ष आणि त्याचे खंडन

पूर्वपक्ष असा की अजेंडा, कोरम, ठराव, अनुमोदन हे सगळे इंग्रजाचे. त्याच्या खेड्यात पॅरिश काउन्सिल असते. ती बाकडी बसवते, रस्त्याकडेचे गवत कापते, फिरायला नेलेल्या कुत्र्यांची घाण टाकायला डबे लावते आणि बसथांब्याच्या छपरावर महिनोन्महिने खल करते. आपल्या पंचायती म्हणजे त्याचीच काळ्या मातीतली नक्कल.

उत्तर. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा. मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा १८८४ चा, आणि धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. खुद्द इंग्लंडच्या काउंट्यांना लोकांनी निवडलेली काउन्सिले मिळाली ती १८८८ च्या कायद्याने आणि खेड्यांना पॅरिश काउन्सिल मिळाली ती १८९४ च्या. तारखा समोर ठेवल्या की नक्कल कोणी कोणाची केली हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल.

यावर आक्षेप येतो, आणि तो विद्वानाने घ्यावा असाच आहे : त्या लोकल बोर्डाच्या खुर्चीत कलेक्टर बसत असे, आणि गावपातळीची पंचायत मुंबई इलाख्यात यायला १९२० चा कायदा उजाडावा लागला. आक्षेप मान्य. पण गाव कायद्याची वाट बघत गप्प बसले होते, असे ज्याला वाटते त्याने गाव पाहिलेले नाही. पाटील, कुलकर्णी, शेतसनदी, तळवार ही मंडळी हनुमप्पाच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर तेव्हाही भांडतच होती. कुलकर्णी ते मोडीत लिहून ठेवत होता आणि त्याने काय लिहिले हे त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नव्हते. कुलकर्ण्याचे वतन १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले. कुलकर्ण्याचा स्वभाव मात्र पंचायतीच्या कार्यालयात कंत्राटी जागेवर रुजू झाला आहे.

इंग्रजांची आणखी एक गोष्ट इथेच उरकून टाकू. हँडफर्थ नावाच्या गावातल्या काउन्सिलच्या एका समितीची डिसेंबर २०२० मधली ऑनलाइन सभा फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर पाहिली गेली. आरडाओरडा करणाऱ्या सदस्यांना जॅकी वीव्हर नावाच्या बाईंनी बटण दाबून एकेक करून सभेबाहेर काढले. जगाला त्याचे फार कौतुक वाटले. आमच्याकडे नवल वाटले ते एवढ्याचेच, की बाहेर काढलेला माणूस खिडकीत येऊन बोलत कसा राहिला नाही.

पैसा, किंवा तो नसणे

कर्नाटकात दर ४०० लोकसंख्येमागे पंचायतीचा एक सदस्य. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे कोण कोणत्या पक्षाचा हे गावातल्या फक्त नवजात अर्भकांना माहीत नसते. निम्म्या जागा बायकांच्या. कार्यालयात पीडीओ, म्हणजे पंचायत अभिवृद्धी अधिकारी. मग कार्यदर्शी, बिल कलेक्टर, कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा, झाडूवाली मावशी आणि नीरगंटी. नीरगंटी म्हणजे पाणी सोडणारा. त्याचा पगार या यादीत तळाशी आणि त्याचा दरारा सगळ्यांच्या वर, कारण वॉल्वची किल्ली त्याच्या कमरेला. शहरातही हीच गत. हुबळीत २०१० नंतरची काही वर्षे नेक्स्टड्रॉप नावाची कंपनी वॉल्वमनकडून फोनवर खबर घेऊन ‘तुमच्या गल्लीत पाणी येते आहे’ असे एसएमएस घरोघरी पाठवत होती. वॉल्वमन काय करतो आहे हे कळावे म्हणून एक कंपनी उभी राहते, तेव्हा वॉल्वमनची योग्यता काय हे वेगळे सांगायला नको. आमच्या नीरगंटीला कोणी फोन करत नाही. त्याच्या सायकलची घंटी कोणत्या दिशेने वाजली यावरून बायका घागरी काढतात.

आता मुख्य सिद्धान्ताकडे येतो. पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकाराने आपल्या प्रसिद्ध पुस्तकात दाखवून दिले की समितीपुढे अणुभट्टी आली की ती अडीच मिनिटांत मंजूर होते आणि सायकल ठेवायच्या शेडवर पाऊण तास जातो. कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. पार्किन्सन थोर माणूस. पण त्याला धारवाड तालुका ठाऊक नव्हता, म्हणून त्याचे निदान अर्धवट राहिले.

आमच्या सदस्यांना मोठे विषय उत्तम कळतात. मार्च २०२६ पर्यंतचा पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कसा यायचा ते विचारा. साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधील. राहिलेले चाळीस टक्के मोकळे म्हणत, पण त्यातून पगार किंवा कचेरीचा खर्च करायचा नसे. हे आमच्या एका सदस्यबाईंनी मला चुलीसमोर बसून, भाकरी थापता थापता, एकही आकडा न चुकता सांगितले. कोणत्या कामाला तालुक्याची मंजुरी लागते, कोणत्याला इंजिनिअरची सही, कोणत्या कामाचे फोटो किती बाजूंनी काढावे लागतात, हेही सांगितले. मग म्हणाल्या, “एवढं सगळं वरूनच ठरून आल्यावर आम्ही कशावर बोलायचं? बाकड्यावरच की.”

हाच तो सिद्धान्त, आणि तो माझा नाही, त्या बाईंचा आहे. रस्त्याचे इस्टिमेट वरून ठरून येते म्हणून ते दोन मिनिटांत पास होते. बाकडे कुठे ठेवायचे हे बंगळुरात कोणी ठरवलेले नाही म्हणून त्यावर दोन तास जातात. गाव बोलते ते गावाच्या हातात जे आहे त्यावर. विद्वान याला क्षुल्लक म्हणतात, कारण विद्वानांच्या हातात तेवढेही नसते.

नोटीस, कोरम, गिरमिट

सभेची सुरुवात नोटिशीने होते. नोटीस पंचायतीच्या भिंतीवर, शाळेवर आणि देवळाजवळ चिकटवतात. चिकटवायला मैद्याची खळ वापरतात आणि मैद्याची खळ शेळ्यांना आवडते. त्यामुळे देवळाजवळच्या नोटिशीचा खालचा भाग, जिथे तारीख आणि वेळ असते, तो साधारण दुपारपर्यंत नाहीसा होतो. ‘आम्हाला नोटीस पोचली नाही’ हा जो आरोप प्रत्येक सभेत होतो तो इतका सरसकट खोटा नसतो. यावर एका सदस्याने शेळीचे तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर नोटीस लावावी अशी सूचना केली होती. दुसऱ्याने विचारले, मग अज्ज्याचे डोळे पोचतील का? विषय पुढच्या सभेवर गेला.

हल्ली नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरही येते आणि सभेचे सगळे ‘पंचतंत्र’मध्ये भरावे लागते. कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींच्या सरकारी संगणक प्रणालीचे नाव खरोखरच पंचतंत्र आहे. मी विनोद करत नाही. विष्णुशर्म्याने राजाच्या मंदबुद्धी मुलांना सहा महिन्यांत शहाणे करून दाखवीन म्हणून पैज घेतली होती. आमच्या पंचतंत्राला सहा महिन्यांहून पुष्कळ अधिक मुदत मिळाली आहे. पण आमच्याकडे नेट नसते आणि विष्णुशर्म्याला ती अडचण नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

मग कोरम. ग्रामसभेला मतदारांच्या दहा टक्के किंवा शंभर माणसे, यांतली कमी असेल ती संख्या लागते. वॉर्डसभेला दहा टक्के किंवा वीस. शंभर माणसे जमवणे सोपे नाही. शेंगा काढायच्या दिवसांत तर खुद्द अध्यक्षाही शेतात असतात. तेव्हा लोकशाहीच्या मदतीला गिरमिट धावून येते. परमुलखातल्या वाचकांसाठी : कांदा-टोमॅटो, चिंच-गुळाचा शिजवलेला मसाला चुरमुऱ्यांत कालवायचा, वरून डाळ्याचे पीठ, कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव, आणि शेजारी तळलेली मिरची. हुबळी-धारवाडात संध्याकाळ होते ती सूर्य मावळल्याने नव्हे, मिरची तळल्याच्या वासाने.

गिरमिट आणि कोरम यांचा संबंध दिसतो तेवढा सरळ नाही. गिरमिट आधी वाटले तर लोक खाऊन जातात. नंतर वाटायचे ठरले तर लोक नंतरच येतात. मधे वाटले तर ठराव मांडणाऱ्याच्या तोंडात मिरची असते आणि काय मांडले ते प्रोसिडिंग लिहिणाऱ्याला कळत नाही. यावर एका पीडीओसाहेबांनी काढलेला तोडगा शास्त्राच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे. कढई पंचायतीच्या दारात नव्हे, वाऱ्याच्या दिशेला ठेवायची, मिरच्या सोडायच्या, पण शेवटचा विषय होईपर्यंत वाढायचे नाही. त्या दिवशी कोरम भरला, सोळा विषय अर्ध्या तासात झाले आणि ज्येष्ठ नागरिकांनी ‘आगली बिडरी, आगली बिडरी’ म्हणजे ‘होऊ द्या हो’ म्हणत एकही हरकत घेतली नाही. लोकशाहीला हे घातक आहे असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. मिरची मात्र चांगली होती.

हजेरीचे आणखी एक कारण : निम्मी माणसे ई-स्वत्तूचा, म्हणजे घरजागेचा, उतारा मागायला आलेली असतात. नमुना ९ आणि नमुना ११. कोरमच्या वहीत त्यांचीही सही घेतली जाते. त्यांना वाटते सही उताऱ्यासाठी घेतली. वहीला वाटते ते स्वराज्यासाठी आले.

बाकडे

आता ज्यावर हा निबंध खरे तर लिहायचा होता त्या प्रकरणाकडे वळतो. गावाचे नाव सांगत नाही. धारवाडहून अळणावरकडे जाणाऱ्या वाटेवरचे आहे, माणसे घरात मराठी आणि दारात कन्नड बोलतात, आणि पंचायतीत दोन्ही एका वाक्यात.

गावातला एक मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने वडिलांच्या, म्हणजे गावाच्या अण्णांच्या, स्मरणार्थ दोन सिमेंटची बाकडी गावाला दिली. टेम्पो आला, बाकडी उतरली, नारळ फुटला. ती ठेवायची कुठे हा विषय अजेंड्यावर अकरावा होता. बसथांब्यावर ठेवावीत असे एकाने सुचवले. बसथांब्यावर बाकडे ठेवले की तिथे कॉलेजची पोरे बसतील, बस गेली तरी उठणार नाहीत. मग शाळेसमोर? मास्तर बसतील. देवळाच्या कट्ट्याजवळ? कट्टा असताना बाकडे कशाला. बाकड्यावर बसणारा कट्ट्यावरच्या माणसांहून उंच बसेल आणि देवाकडे पाठ करील. मग तोंड देवाकडे करून ठेवा. तर मग पाठ गौडांच्या वाड्याकडे होईल.

इथवर ठीक होते. मग एक म्हातारे गृहस्थ उठले. सभेत क्वचित बोलणारे, म्हणून सगळे गप्प झाले. म्हणाले, “नाव कुठं लिवलंय?” नाव पाठीच्या फळीवर, समोरून, काळ्या रंगात, जन्म-मृत्यूच्या सालासकट. म्हाताऱ्याने विचारले, “म्हणजे माणूस बसला की पाठ कुणाला घासायची? अण्णांना?”

सभेत जी शांतता झाली तशी शांतता मी अर्थसंकल्पाच्या वेळी ऐकलेली नाही. हा मुद्दा बाकडे देणाऱ्याला, बनवणाऱ्याला, टेम्पोवाल्याला, नारळ फोडणाऱ्याला कोणालाच सुचला नव्हता. आदरापोटी लिहिलेले नाव गावाच्या पाठीखाली रोज रगडले जाणार. मग नाव मागच्या बाजूला लिहावे अशी उपसूचना आली. मागच्या बाजूला लिहिले आणि बाकडे भिंतीला लावले तर नाव भिंत वाचील. भिंतीपासून हात-दोन हात सुटे ठेवावे, तर मागच्या फटीत कचरा साठेल आणि तो काढायचा कोणी. स्वच्छ वाहिनीची गाडी चालवणारी ताई म्हणाली की ती गाडीतून उतरून फटीत हात घालणार नाही, तिचा करार घरोघरच्या कचऱ्याचा आहे. बाकडे उलटे फिरवून नाव रस्त्याकडे करावे, तर बसणाऱ्याचे तोंड भिंतीकडे.

दोन तास गेले. अध्यक्षाबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांचे यजमान शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांच्या वतीने मान हलवत होते, त्यांच्याकडे न बघता बाईंनी विचारले, “अण्णा असते तर कुठं बसले असते?” सगळ्यांना ठाऊक होते. अण्णा रोज सकाळी पंचायतीच्या व्हरांड्यात पेपर वाचायला येत, आणि बसायला काही नाही म्हणून पायरीवर बसत. तेव्हा बाकडी व्हरांड्यात. नावाचे काय? नाव हाताच्या आधारावर, बाहेरच्या बाजूने. पाठही नाही, भिंतही नाही.

असा निर्णय इस्टिमेटवर येत नाही, इंजिनिअरला सुचत नाही आणि वित्त आयोगाच्या कुठल्याही टक्क्यात बसत नाही. दोन तास लागले ते यासाठी. दोनपैकी एका बाकड्यावर सध्या बिल कलेक्टर पावत्यांचे गठ्ठे ठेवतो, हे मी तटस्थ अभ्यासक म्हणून नमूद करतो.

कोंडवाडा

इंग्लंडच्या जुन्या पॅरिशमध्ये भटक्या जनावरांसाठी दगडी कोंडवाडे असत. आपल्याकडे मोकाट गुरांचा कायदा १८७१ चा, आणि आमच्या गावात कोंडवाडाही आहे. आत सध्या सभेच्या खुर्च्या, गेलेल्या ट्यूबलाइटी आणि मागच्या पाणीयोजनेचे उरलेले पाइप बंदोबस्तात आहेत. गुरे बाहेर आहेत.

कोंडवाड्यावरची चर्चा दरवर्षी मक्याचे कणीस भरले की होते. मागे एकदा देवाला सोडलेल्या बैलाने एका शेतकऱ्याचा अर्धा एकर मका फस्त केला. शेतकऱ्याचे म्हणणे, कोंडा. आता बैल म्हणजे साक्षात बसवण्णा. त्याला कोंडायचे कोणी, कोंडल्यावर चाऱ्याचा खर्च भरायचा कोणी आणि सोडवून न्यायला मालक म्हणून यायचे कोणी? मालकाच्या रकान्यात देवाचे नाव घातले तर दंडाची पावती देवळाच्या नावाने फाडावी लागेल. देवळाचे ट्रस्टी तीन आणि त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी शेतकऱ्यानेच आपला अर्ज मागे घेतला आणि ‘मका बसवण्णाला अर्पण’ असे लिहून दिले. त्याचे पुण्य किती आणि वैताग किती याची मोजणी प्रोसिडिंगमध्ये नाही.

झेंड्याविषयी मात्र आमच्याकडे कधीच वाद होत नाही, आणि याचे कारण भौगोलिक आहे. राष्ट्रध्वजाची खादी शेजारच्या गरगलाही विणली जाते आणि ध्वज शिवला जातो हुबळीच्या बेंगेरीत. घरचीच वस्तू, तिला नावे कोण ठेवणार? वाद होतो तो झेंडावंदनानंतर पेढे वाटायचे की बुंदीचा लाडू यावर. पेढा धारवाडचा, मानाचा. पण एका पोराला एकच देता येतो. लाडू मोठा दिसतो. गेली कित्येक वर्षे पेढ्याचा ठराव होतो आणि लाडू वाटला जातो.

आयत्या वेळचे विषय

अजेंड्याच्या शेवटी ‘आयत्या वेळी अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ ही ओळ असते. सगळी सभा म्हणजे या ओळीची प्रतीक्षा. पहिले पंधरा विषय सरकारचे, सोळावा गावाचा. दिव्याचा खांब अमक्याच्या घरासमोर का आणि तमक्याच्या का नाही. दिवा दिवसा जळतो आणि रात्री विझतो, कारण बटण एका सदस्याच्या भिंतीवर आहे आणि तो लवकर झोपतो. नीरगंटीने खालच्या गल्लीला पाऊण तास पाणी दिले आणि वरच्या गल्लीला ‘मोटार गरम झाली’ सांगितले. नीरगंटी हजर असतो. तो उत्तर देत नाही. किल्ली या कमरेवरून त्या कमरेवर सरकवतो, आणि वरच्या गल्लीचा आवाज आपोआप मवाळ होतो.

याच ओळीखाली मागच्या सामान्य सभेत एक विषय आला आणि त्यावर अजून तोड निघालेली नाही. त्याआधीच्या सभेच्या चहा-गिरमिटाचे बिल मंजूर करायचे होते. गाडेवाल्याचा माणूस दाराशी उभा. बिल वाचून दाखवायला कार्यदर्शी उठले, चष्मा लावला, वर पाहिले, तर त्या दिवशीचा चहा आधीच वाटून झाला होता. चहा घेतलेले सदस्य ‘बरतेन्री’, म्हणजे ‘येतो हो’, म्हणून निघून गेले होते आणि खुर्च्यांवर कोरमपुरती माणसे उरली नव्हती. पीडीओसाहेबांनी सांगितले, पुढच्या सभेत घेऊ. गाडेवाल्याच्या माणसाने विचारले, पुढच्या सभेला गिरमिट सांगायचे का? अध्यक्षाबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, सांगा, पण या वेळी बिल आधी आणा.